मे महिन्याच्या वर्गाआधी एप्रिलचा वर्ग : कोल्हापुरातल्या मशिदींच्या विश्वस्तांना खुले पत्र

कोल्हापूर शहर आणि उपनगरांतल्या मशिदींचे विश्वस्त, इमामसाहेब आणि उन्हाळी दीनी (धार्मिक) वर्गांचे संयोजक यांस,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहु.

दरवर्षी एप्रिल संपत आला की जुम्याच्या नमाजनंतर घोषणा होते : शाळांना सुट्टी लागतेय, मुलांचे दीनी वर्ग सुरू होतील, नावं नोंदवा. नावं नोंदवली जातात. अरबी अक्षरओळखीची 'कायदा' पुस्तकं येतात, चटया झाडल्या जातात, गेटावर बॅनर लागतो, शेवटच्या दिवसाच्या बक्षिसांची यादीसुद्धा तयार होते. वर्ग घेणार कोण, हे मात्र अगदी तोंडावर ठरतं. ज्या पोराची किरात (कुरआनपठण) चांगली आहे, ज्या मुलीचं नाजरा (बघून कुरआन वाचणं) पूर्ण झालंय, बारावीची परीक्षा देऊन जी घरी आहेत, त्यांना निरोप जातो : "उद्यापासून ये, लहान मुलांना जरा बघ."

ती येतात. एक पैसा न घेता, सुट्टीतली झोप मोडून येतात. त्यांच्या नियतबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण पंचवीस-तीस मुलांसमोर त्यांना एकटं बसवताना आपण त्यांना काय शिकवून पाठवतो? हातात छडी द्यायची की नाही, एवढंसुद्धा आपण त्यांना सांगितलेलं नसतं. म्हणून आपणा सर्वांकडे माझी एकच मागणी आहे. मुलांचे वर्ग सुरू होण्याआधी, एप्रिलमध्ये, वर्ग घेणाऱ्या या मुला-मुलींचा वर्ग घ्या. आणि मग महिनाभर त्यांच्या पाठीशी एक जाणतं माणूस उभं करा.

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर मोहल्ल्यातल्या उन्हाळी वर्गात मुलींच्या बाजूला हातभार लावते. डी.एड.ला असताना आम्हाला पहिल्याच दिवशी वर्गावर कुणी सोडलं नव्हतं. आधी पाठ टाचण लिहायचं, ते तपासून घ्यायचं, मग सराव पाठ. मागच्या बाकावर आमचे गुरुजी वही घेऊन बसलेले असायचे. फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोललीस, एकाच मुलीला किती वेळा उठवलंस, हे सगळं ते टिपून घ्यायचे. तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवण्यासाठी सरकार दोन वर्षांची पदविका मागतं. कुरआनचा पहिला अध्याय, सूरह फातिहा, शिकवण्यासाठी आपण गोड गळ्यापलीकडे काहीच मागत नाही. दोन वर्षं मागा असं मी म्हणत नाही. चार-पाच रविवार मागते आहे.

आपली पोरं कोणत्या अवस्थेत या वर्गात येतात, ते आधी बघा. घरात दखनी (इकडची उर्दू बोली) बोलतात. शाळेत मराठीत शिकतात. उर्दू वाचता येणारी फार थोडी. आणि इथं आल्यावर समोर तिसरीच लिपी, अरबी, तीही उजवीकडून डावीकडे. सहावीतलं एक पोरगं मला आठवतं. शाळेत हुशार, गणितात पहिला नंबर सोडायचा नाही. वर्गात 'अलहम्दु' म्हणताना त्याचा 'ह' घशातून निघेना. शिकवणारा मुलगा अठरा-एकोणीसचा, किरात सुंदर. त्यानं पोराला चारदा म्हणायला लावलं, पाचव्यांदा त्याची नक्कल केली, आणि चटईवरची सगळी मुलं हसली. दुसऱ्या दिवशी ते पोरगं आलं नाही, नंतरही आलं नाही. आई विचारायला आली, तेव्हा शिकवणाऱ्या मुलाला आपलं काय चुकलं हेच कळत नव्हतं. त्याला स्वतःला त्याच्या लहानपणी असंच शिकवलं गेलं होतं. त्याला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्याच्याशी आधी कुणी बोललंच नव्हतं.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत प्रेषितपत्नी हजरत आयेशा रजि. यांची एक हदीस (प्रेषितांच्या वचनाची नोंद) आहे. कुरआन पढण्यात जो तरबेज आहे तो थोर फरिश्त्यांच्या सोबत असेल, आणि जो अडखळत, कष्टानं पढतो त्याला दुहेरी सवाब (पुण्य) आहे. आपल्यातल्या प्रत्येक इमामसाहेबांना ही हदीस पाठ आहे. पण ती त्या अठरा वर्षांच्या मुलाला वर्ग सुरू होण्याआधी सांगितली असती तर? अडखळणाऱ्या पोराकडे त्यानं दुहेरी सवाबाचा हक्कदार म्हणून बघितलं असतं. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टिंगल करू नका, वाईट टोपणनावांनी हाक मारू नका, असं स्पष्ट बजावलेलं आहे. आपल्या वर्गांत मात्र 'बोबड्या', 'ढब्बू' ही नावं सर्रास चालतात, कधी कधी शिकवणाऱ्याच्याच तोंडून.

दुसरी हदीस सहीह मुस्लिममधली, आणि माझ्या मते स्वयंसेवकांच्या पहिल्या दिवसाची सुरुवात तिनेच व्हावी. मुआविया बिन हकम सुलमी रजि. हे नमाजचे नियम नीट माहीत नसलेले सहाबी (प्रेषितांचे सोबती). जमातीत कुणाला तरी शिंक आली, आणि यांनी नमाजमध्येच मोठ्यानं दुआ दिली. लोक रोखून बघू लागले, मांड्यांवर हात मारून गप्प करू लागले. नमाज संपल्यावर रसूलुल्लाह ﷺ (प्रेषित मुहम्मद) यांनी त्यांना समजावलं, की नमाजमध्ये माणसांशी बोलणं योग्य नाही, नमाज म्हणजे तस्बीह, तकबीर (अल्लाहची स्तुती आणि थोरवी) आणि कुरआनपठण. ते सहाबी पुढं सांगतात, की त्यांच्याहून चांगला शिकवणारा मी त्यांच्या आधी पाहिला नाही आणि नंतरही नाही. ते मला ओरडले नाहीत, त्यांनी मला मारलं नाही, वाईट बोलले नाहीत. एका वाक्यात चूक, एका वाक्यात बरोबर काय ते, आणि झालं. डी.एड.च्या वर्गात याहून चांगला नमुना पाठ मी ऐकलेला नाही.

छडीचा विषय निघालाच आहे तर तोही पूर्ण करते. शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलं आहे. "पण ते शाळेला लागू, आपल्याला नाही" असं एका बैठकीत मी ऐकलं. कायदा कुठं लागू आहे हा वाद वकिलांसाठी ठेवू. चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दून यांनी लिहून ठेवलंय, की ज्या मुलांना धाकदपटशानं शिकवलं जातं त्यांचा उत्साह मरतो, आणि मार टाळण्यासाठी ती खोटं बोलायला, फसवायला शिकतात. सच्चाई शिकवण्याच्या वर्गातून पोरगं खोटं बोलायला शिकून बाहेर पडावं, हे आपल्यापैकी कुणालाच नको आहे.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट तालमीतून कळायला हवी. गंगावेश तालीम घ्या, मोतीबाग घ्या. नव्या पोराला वस्ताद एकदम मैदानात उतरवत नाही. मोठा पठ्ठा लहान पठ्ठ्याला डाव शिकवतो हे खरं, पण वस्ताद कडेला बसून बघत असतो. चुकीचा डाव टाकला तर मान मोडेल हे त्याला माहीत असतं, म्हणून तो हाक मारून थांबवतो. आमच्या उन्हाळी वर्गांत मोठे पठ्ठे आहेत, लहान पठ्ठे आहेत. कडेला बसलेला वस्ताद नाही. इमामसाहेबांना पाच वेळची नमाज, जनाजे, निकाह, मकतब (मुलांची नेहमीची धार्मिक शाळा) हे सगळं बघायचं असतं. विश्वस्त संध्याकाळी येतात. म्हणजे सकाळच्या अडीच तासांत पोरांवर पोरंच असतात.

हजरत मुसअब बिन उमैर रजि. हे तरुण होते. हिजरतच्या (प्रेषितांच्या मदीनेला स्थलांतराच्या) आधी, अकबाच्या पहिल्या बैअतनंतर (निष्ठेच्या शपथेनंतर), मदीनेच्या लोकांना कुरआन शिकवायला त्यांना पाठवलं गेलं. हे उदाहरण आपण तरुणांना जोश यावा म्हणून नेहमी देतो. त्यातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. मदीनेत असअद बिन जुरारा रजि. यांनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. तिथलं जाणतं, वजनदार माणूस त्यांच्या शेजारी बसत होतं. उसैद बिन हुजैर भाला घेऊन चिडून आले तेव्हा मुसअब यांनी आवाज चढवला नाही. बसा, ऐकून घ्या, पटलं तर स्वीकारा, नाही पटलं तर आम्ही थांबतो, इतकंच म्हणाले. भाला जमिनीत रोवला गेला आणि ते बसले. आमच्या एखाद्या स्वयंसेवकासमोर चिडलेला बाप येतो, "माझ्या पोराला मागं का बसवलं" म्हणून, तेव्हा त्यानं काय बोलावं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. हे शिकवता येतं. दोघांनी बाप आणि भाई (शिकवणारा मुलगा) व्हायचं, बाकीच्यांनी बघायचं, अर्ध्या तासात शिकवून होतं.

आता एप्रिलच्या वर्गात शिकवायचं काय, ते मी माझ्या पद्धतीनं सांगते. आलिम मंडळींनी त्यात भर घालावी, चुकेल तिथं दुरुस्त करावं.

एक पाठ कसा उभा करायचा, हे सगळ्यात आधी. समजा विषय वुजूचा (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचा) आहे. आमच्याकडे तो असा शिकवला जातो : फर्ज (अनिवार्य गोष्टी) चार, सुन्नती (प्रेषितांच्या रीती) अमुक, पाठ करा, उद्या म्हणून दाखवा. पोरं घोकतात आणि नळ धो धो सोडून वुजू करतात. गेल्या उन्हाळ्यात मुलींच्या बाजूला एका कॉलेजच्या मुलीनं हाच पाठ वेगळा घेतला. हदीसमध्ये येतं की रसूलुल्लाह ﷺ एक मुद पाण्यात वुजू करायचे. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापात पाऊण लिटरच्या आसपास. तिनं पाण्याची लिटरची बाटली आणली, पाऊण भागावर मार्करनं रेघ मारली. आधी एका मुलीला नळावर नेहमीसारखा वुजू करायला लावला आणि खाली बादली ठेवली. मग बादलीतलं पाणी बाटलीनं मोजलं. मुली मोजता मोजताच गप्प झाल्या. नंतर प्रत्येकीनं रेघेपर्यंतच्या पाण्यात वुजू करून दाखवला, आणि ते करताना कोपर कोरडं राहिलं का, टाच सुटली का हे बाकीच्यांनी बघितलं. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीतल्या त्या मुली होत्या, त्यांना पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागलं नाही. फर्ज, सुन्नत, काटकसर, स्वच्छता, सगळं चाळीस मिनिटांत. त्या मुलीनं हे टाचण आदल्या रात्री वहीच्या एका पानावर काढलेलं होतं. असं एक पान लिहायला प्रत्येक स्वयंसेवक शिकला, तर अर्धं काम झालं.

भाषेबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथंच आहे. दिवसाच्या फर्ज नमाजमध्ये सतरा रकातींत (नमाजच्या आवर्तनांत) फातिहा पढली जाते. सात आयती, रोज किमान सतरा वेळा. नववीतल्या मुलाला तिचा अर्थ विचारा. शाळेतल्या कवितेचं रसग्रहण तो करील, पण फातिहाचा अर्थ सांगताना खाली बघेल. अर्थ मराठीत सांगायला लाजायचं कारण नाही. कुरआनचे मराठी अनुवाद आहेत, हदीस आणि सीरतची (प्रेषितचरित्राची) मराठी पुस्तकं आहेत. पोरगं ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत अर्थ पोहोचतो. पण पठण मात्र मराठी अक्षरांवरून नको. पोरांना सोपं जावं म्हणून हल्ली सूरतींचे देवनागरीत छापलेले कागद वाटले जातात. अरबीतले सीन, साद आणि से, तिन्ही देवनागरीत एकाच 'स' मध्ये जमा होतात. दोन वेगळे 'ह' एक होतात. असं पाठ झालेलं पुढं सोडवणं फार अवघड जातं. तेव्हा अक्षरं अरबी, अर्थ मराठी, आणि गप्पा दखनीत. हे तिन्ही एका तासात कसं बसवायचं, याचा सराव एप्रिलमध्ये करून घ्यावा. शुद्ध उच्चाराचा भाग हाफिजसाहेबांनी घ्यावा, अर्थ सोपा करून सांगण्याचा भाग आमच्यासारख्या मराठीच्या शिक्षकांवर सोपवावा. शहरात असे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांना कुणी बोलावत नाही.

मग येतात प्रश्न. बारा-तेरा वर्षांची मुलं जे विचारतात ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. मैत्रिणीच्या घरचा मोदक खाल्ला, आता काय? मामा व्याजाचं कर्ज घेतात, त्यांच्या घरी जेवायचं का? आजी दर्ग्यात जाते, आणि वर्गातले भाई म्हणतात जायचं नाही, मग आजीला काय सांगू? अठरा वर्षांचा मुलगा अशा वेळी गप्प बसत नाही. आपल्याला येत नाही असं दिसेल या भीतीनं तो काहीतरी कडक सांगून मोकळा होतो, आणि पोरगं घरी जाऊन आजीला जहन्नमची भीती घालतं. अशी भांडणं मी मिटवली आहेत. थोर धर्मशास्त्री इमाम मालिक रह. यांच्याबद्दल सांगितलं जातं, की दूरवरून आलेल्या माणसाच्या बहुतेक प्रश्नांना त्यांनी 'मला माहीत नाही' असं उत्तर दिलं. मग आमच्या पोरांनी ते म्हणायला काय हरकत आहे? प्रत्येक वर्गात एक प्रश्नवही ठेवावी. "मला माहीत नाही, इमामसाहेबांना विचारून सांगतो" हे वाक्य स्वयंसेवकाच्या तोंडी बसवावं. आठवड्यातून एकदा इमामसाहेबांनी ती वही उघडून मुलांसमोर उत्तरं द्यावीत. मसलकांचे (पंथांचे) वादही त्यातूनच आवरतील. आपल्या मोहल्ल्यांत देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, सगळ्या घरांतली मुलं एकाच चटईवर बसतात, आणि स्वयंसेवकानं आपल्या घरातला वाद त्या चटईवर आणू नये, हे त्याला आधीच बजावून सांगायला हवं.

एक विषय टाळून चालणार नाही. ७ जून २०२३ ला आपल्या शहरात काय झालं ते आपण सर्वांनी अनुभवलं. मोबाईलवरच्या स्टेटसवरून प्रकरण सुरू झालं, दगडफेक झाली, दुकानं फुटली, इंटरनेट बंद करावं लागलं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला, त्याचे व्हिडिओ आपल्या पोरांनी पाहिलेत. आपण त्यांच्याशी त्यावर बोललो नाही, म्हणून ती विसरली असं होत नाही. त्यांच्या मनात भीती आहे, राग आहे, आणि हातात मोबाईल आहे. उन्हाळी वर्गात ती हे कुणाजवळ तरी बोलणार, आणि बहुतेक वेळा ज्याच्याजवळ बोलणार तो त्यांच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असणार. त्यानं भाषण ठोकू नये. आधी ऐकून घ्यावं. खबर आली की शहानिशा करा, हा सूरह हुजुरातचा हुकूम त्यानं मोबाईलवरच्या खऱ्या उदाहरणानं शिकवावा : हा फोटो कुठला, कधीचा, कुणी टाकला, पुढं पाठवला तर कुणाचं घर अडचणीत येईल. एखादं पोरगं फारच पेटलेलं किंवा फारच घाबरलेलं दिसलं, तर त्याच दिवशी जबाबदार मोठ्या माणसाला सांगावं. याच वयाच्या आपल्या पोरांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कुणाचा धर्म न विचारता जेवणाची पाकिटं वाटली, ओल्या घरांतला चिखल उपसला. जबाबदारी नीट समजावून सांगितली की ही पोरं ती उचलतात.

यानंतरचं लिहिताना हात जड होतो, पण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. मुलांची सुरक्षितता. आपल्या वर्गात असं काही होत नाही, असं म्हणून हा विषय बंद करू नका. शाळा असो, क्लास असो, क्रीडा शिबिर असो, जिथं मोठी माणसं आणि मुलं एकत्र येतात तिथं हा धोका असतो, आणि दीनी वर्गावर आईबापांचा विश्वास जास्त म्हणून आपली जबाबदारीही जास्त. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो की मुलगी. त्याच्या कलम १९ प्रमाणे, अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. धार्मिक संस्थेतल्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी माणसानं केलेला गुन्हा हा कायदा अधिक गंभीर धरतो. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. "समाजाची बदनामी होईल, आपसांत मिटवू" हा मार्ग कायद्यानं बंद आहे, आणि आपल्या दीनमध्येही मजलूमला गप्प बसवायची परवानगी नाही.

यातून रोजचे साधे नियम निघतात. कोणताही स्वयंसेवक एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही. दार उघडं, नजरेत दुसरं मोठं माणूस. मुलांना खासगी मेसेज नाहीत, निरोप पालकांच्या ग्रुपवरच. दुचाकीवरून एकट्या मुलाला सोडायला जायचं नाही. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय स्टेटसला लावायचे नाहीत. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, मुलांच्या उंचीवर. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या : पंधरा-सोळा वर्षांची जी पोरं आपण शिकवायला बसवतो, ती कायद्यानं स्वतःच मुलं आहेत. त्यांना मदतनीस ठेवा, चटया घालू देत, हजेरी घेऊ देत, लहानांचा सबक (धडा) ऐकू देत. वर्गाची जबाबदारी अठरा पूर्ण झालेल्यांवरच द्या, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पस्तिशी-चाळिशीतलं एक माणूस रोज, वर्ग सुरू होण्यापासून शेवटचं पोरगं घरी जाईपर्यंत हजर असू द्या. हे नियम मुलांसाठी आहेत तसेच स्वयंसेवकांसाठीही आहेत. खोट्या संशयापासून त्यांना वाचवणारी याहून चांगली व्यवस्था नाही.

मुलींच्या वर्गांबद्दल स्पष्ट बोलते. शहरात अनेक ठिकाणी मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी नसते. वर्ग मात्र जिन्याखालच्या खोलीत, कुणाच्या हॉलमध्ये, पंखा नसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. वर्ग घेणाऱ्या मुली सगळ्यात नियमित, टाचण काढणाऱ्या, हजेरी ठेवणाऱ्या. तरी नियोजनाच्या बैठकीत त्या नसतात. काय ठरलं ते त्यांना भावाकडून कळतं. मोठ्या होणाऱ्या मुलींचे पाकीचे, पाळीचे, घरातल्या अडचणींचे प्रश्न असतात. ते विचारायला समोर जाणती बाई हवी, आणि विशीतल्या आपाला (शिकवणाऱ्या मुलीला) या प्रश्नांची उत्तरं देण्याआधी कुणीतरी आलिमा आणि एखादी डॉक्टर भगिनी यांनी बसवून सांगायला हवं. एप्रिलच्या वर्गातला एक पूर्ण रविवार यासाठी ठेवा.

वेळेचं गणित जमतं. २०१८ आणि २०१९ ला रमजान मे-जूनमध्ये आला होता, तेव्हा सुट्टीत वर्ग नीट चालवणंच अवघड होतं. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान आता फेब्रुवारी-मार्चपर्यंत मागं सरकला आहे. ईद झाल्यापासून मेची सुट्टी लागेपर्यंत महिना-सव्वा महिना मोकळा मिळतो, आणि अजून काही वर्षं मिळत राहील. दहावी-बारावीच्या परीक्षा तोवर संपलेल्या असतात. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा, सीईटी, नीट यांच्या तारखा बघून वाटणी करावी लागेल, नाहीतर वर्ग रंगात आला की निम्मे भाई परीक्षेला जातात आणि उरलेल्यांच्या गळ्यात साठ पोरं पडतात. बारा मुलांमागं एक, आणि चार वर्गांमागं एक राखीव, असं धरा. वर्ग संपल्यावर रोज वीस मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसावं : आज कोण आलं नाही, कोण रडलं, कोणता पाठ जमला नाही.

पैशाचं थोडक्यात. खर्च नाश्ता, वह्या, थोडं जाण्या-येण्याचं भाडं एवढाच आहे. जकातीचे आठ हकदार कुरआननं ठरवून दिलेत, तेव्हा तिला हात न लावता लिल्लाह (ऐच्छिक देणगीच्या) रकमेतून करावा. शेवटच्या दिवशी बक्षिसांच्या ट्रॉफ्यांवर जो खर्च होतो, तेवढ्यात हे भागेल.

१९०६ साली शाहू महाराजांनी या शहरातल्या मुस्लिम पुढाऱ्यांना बोलावून शिक्षणसंस्था उभी करायला लावली आणि तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग तेव्हापासूनचं. पेठेपेठेच्या मशिदींनी वेगवेगळं काही करण्यापेक्षा अशाच एखाद्या मध्यवर्ती जागी सगळ्यांच्या स्वयंसेवकांचं एकत्र प्रशिक्षण घ्यावं, म्हणजे सदर बाजारची मुलगी आणि शिरोलीचा मुलगा एकच नियम शिकून आपापल्या वर्गात जातील.

आपणांकडून मला तीन उत्तरं हवी आहेत. आपल्या मशिदीतून किती मुलं-मुली पाठवाल, त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणतं मोठं माणूस द्याल, आणि पहिली बैठक कोणत्या रविवारी ठेवायची. त्या बैठकीला वर्ग घेणाऱ्या दोन मुली आणि दोन मुलं यांना बोलवा, आणि आपण बोलायच्या आधी त्यांना बोलू द्या. वुजूच्या पाठाचं ते पान मी सोबत घेऊन येईन, पाठ टाचणाच्या पहिल्या तासाची जबाबदारीही माझी.

वस्सलाम,

मोहल्ल्यातल्या मुलींच्या वर्गाची एक निवृत्त शिक्षिका,
कोल्हापूर